पुसणार कशाने?

माझी बायको वारली, तरी ती कामावर होती.

हे मला तेराव्यानंतर कळलं. कुमुदचा डबा कारखान्यात राहिला होता. स्टीलचा, तीन पुडांचा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. तो आणायला कधी येऊ, हे विचारायला मी कारखान्याचा नंबर लावला. एकच रिंग झाली आणि पलीकडून कुमुद म्हणाली, "नमस्कार, फालक स्क्रू. काम काय आहे, सांगा दादा."

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसलो.

आधी तिचं काम सांगतो. जळगावच्या एमआयडीसीत फालकांचा कारखाना आहे, तिथे प्लास्टिकचे स्क्रू बनतात. मी एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस, जन्मभर लोखंडाचे बोल्ट आवळले. तिच्या मालाला मी खेळण्यातले स्क्रू म्हणायचो. ती म्हणायची, "तुमच्या बसला लावा म्हटलं का मी? जिथे लोखंड चालत नाही, तिथलं काम माझं." विजेच्या पेट्या, तेजाबाच्या टाक्या, चुंबकाची यंत्रं. कोणत्या कामाला कोणता स्क्रू घ्यायचा, हे लोक फोन करून विचारायचे आणि ती सांगायची.

कारखान्यात स्क्रूंना रंगावरूनच नावं होती. पांढरा म्हणजे नायलॉन. स्वस्त आणि चिवट, पण पाणी पितो. पावसाळ्यात फुगतो आणि मऊ पडतो. दुसरा काचेसारखा. आरपार दिसतो, हातोडी मारली तरी फुटत नाही. तिसरा तपकिरी. महाग, पण उकळत्या पाण्याला, तेलाला, औषधाला, कशालाच दाद देत नाही. गिऱ्हाईक रंग सांगायचं, पण कुमुद आधी तीन प्रश्न विचारायची. पाणी लागणार का? आच लागणार का? आणि पुसणार कशाने?

तिसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे.

"कशाने म्हणजे काय ताई, फडक्याने पुसू."

"फडकं कशात बुडवता?"

मग गिऱ्हाईक जरा थांबायचं. कुणी रॉकेल सांगायचं, कुणी थिनर, कुणी स्पिरिट.

यामागचं कारण तिने मला एकदा कणीक मळताना सांगितलं होतं. प्लास्टिक म्हणजे लांब लांब धाग्यांचा गुंता. स्क्रू आवळला की ते धागे ताणले जातात. ताणलेल्या धाग्यांमध्ये काही द्रव हळूच शिरतात आणि त्यांची पकड सोडवतात. काचेसारख्या स्क्रूला हे फार लागू. न आवळलेला स्क्रू त्याच द्रवात वर्षभर बुडवून ठेवा, काही होणार नाही. आवळलेला असेल तर आधी केसाएवढी पांढरी रेघ येते, ती वाढते आणि एक दिवस डोकं तुटून पडतं. "आणि तुमच्यासारखे लोक असतातच," ती म्हणाली होती, "लोखंडाची सवय लागलेले. स्क्रू बसला तरी एक आटा जास्त मारणारे." तिने पिठाच्या हाताने माझ्या मनगटावर टिचकी मारली होती.

फोन केला त्याच दिवशी संध्याकाळी हर्षल फालक घरी आला. थोरल्या फालकांचा हा मुलगा. इंजिनिअर होऊन कारखान्यात आला तेव्हा कुमुदनेच त्याला काम शिकवलं. तिच्या डब्यातलं भरीत आणि कळण्याची पुरी त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्ली असेल. तो डबा घेऊन आला होता, घासून.

"काका, मी आधी सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "धीर झाला नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. कुमुदचे काही वर्षांचे फोन त्यांच्याकडे जपलेले होते. ते फोनवर बोलणाऱ्या यंत्राला ऐकवले. पण नुसतं ऐकून यंत्राला काय बोलायचं ते कळतं, का बोलायचं ते कळत नाही. म्हणून शेवटच्या हिवाळ्यात ती कारखान्यातल्या काचेच्या खोलीत रोज बसली. यंत्र तिला खोटी खोटी कामं विचारायचं, ती उत्तर द्यायची आणि उत्तरामागचं कारण सांगायची. चुकलं की यंत्राला रागवायची.

"शब्द नाही शिकवले, काका. काकू निवड कशी करतात ते शिकवलं."

"शेवटच्या हिवाळ्यात?" मी विचारलं.

"हो. दिवाळी ते होळी."

दिवाळीत डॉक्टरांनी तिला आजार सांगितला होता. मला तिने होळीला सांगितला. मधले महिने ती उशिरा घरी यायची, मी विचारलं की म्हणायची, ओव्हरटाइम. मी तिच्यासाठी खिचडी टाकून ठेवायचो आणि ती तिकडे काचेच्या खोलीत आपला आवाज कारखान्याला देत बसलेली होती.

"तुला माहीत होतं? आजाराचं?"

हर्षलने मान खाली घातली. म्हणजे माहीत होतं.

त्याला मी चहाही विचारला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी तो नंबर लावला. मग रोजच लावू लागलो. रोज एक खोटं काम घेऊन जायचो. पाण्याच्या टाकीचं झाकण. कूलरची जाळी. सौर पत्र्याची चौकट. "पाणी लागणार का, दादा?" ती विचारायची, आणि मी मुद्दाम सावकाश उत्तर द्यायचो. ती मला ओळखत नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांसारखा मीही तिचा दादा. घरात ती मला अहो म्हणायची. पण आवाज तिचाच होता, आणि प्रश्न विचारण्याआधी ती जरा श्वास घ्यायची तोही तिचाच. त्यावर माझी दुपार निघायची.

उन्हाळा तापला. एका दुपारी मी औषधाच्या दुकानातल्या काउंटरचं काम सांगितलं. तिने पाणी विचारलं, आच विचारली आणि म्हणाली, "काचेसारखा घ्या दादा, दिसायलाही छान."

मी वाट पाहिली. तिसरा प्रश्न आलाच नाही.

"पुसणार कशाने, ते नाही विचारलं?"

"त्याची गरज नाही, दादा. काचेसारखा मजबूत असतो. किती पाठवू?"

मला वाटलं, विसरली. माणूस आजारी पडलं की विसरतं तसं. मग स्वतःचीच लाज वाटली, यंत्राला कसला आजार? दुसऱ्या दिवशी दुसरं काम सांगितलं, त्यानंतर तिसरं. एकदाही तिने विचारलं नाही. आणि आधी कधी कधी ती म्हणायची, "हे काम प्लास्टिकचं नाही दादा, सरळ स्टीलचा घ्या." तेही बंद झालं होतं. आता प्रत्येक कामाला कोणता ना कोणता स्क्रू होताच, आणि बहुतेक वेळा काचेसारखा.

मी ऊन उतरल्यावर कारखान्यावर गेलो. फाटकातच रुबिना तडवी भेटली, हातात स्क्रूंची पिशवी. रुबिना यावलची. मागच्या गल्लीत तिचं छोटं वर्कशॉप आहे. कुमुद तिचं फार कौतुक करायची.

"काका! बरं झालं भेटलात. चला, पाळणा दाखवते. काकूंनी बघायला पाहिजे होता."

मी गेलो. पाळणा म्हणजे नवजात बाळाचा मेंदू बघायचं यंत्र. पूर्वी असलं यंत्र एका खोलीत मावायचं नाही, शहरातल्या मोठ्या दवाखान्यातच असायचं. आता कमजोर चुंबकावर चालणारी निघाली आहेत, बॅटरीवर चालतात, गाडीत घालून नेता येतात. रुबिनाचे पाळणे सातपुड्यातल्या पाड्यांवर जाणार होते. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, त्याच्या मेंदूला इजा झाली का हे तिथल्या तिथे कळणार होतं. कळलं की पहिल्या काही तासांतच उपचार करता येतात, मग उशीर होतो. अशा यंत्रात लोखंडाचा एक स्क्रू राहिला तरी चित्रावर काळा डाग पडतो. म्हणून सगळे स्क्रू प्लास्टिकचे. बाळाच्या डोक्यावर एक घुमटी येते, आत तांब्याच्या तारा. मी ती उचलून पाहिली. वरवंट्याएवढं वजन. ती चार स्क्रूंवर लटकते.

ते चारही स्क्रू काचेसारखे होते.

"पुसणार कशाने?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

रुबिना हसली. "अगदी काकूंसारखं बोललात. दर बाळानंतर जंतुनाशकाने. सरकारी निळं पाणी येतं ना, ते. हा नमुन्याचा पाळणा तर मी रोजच पुसते."

"मग हे स्क्रू चालणार नाहीत. तपकिरी लाव."

"काका, तुम्ही एसटीवाले," ती म्हणाली. "काकूंच्याच लाइनला विचारून घेतलेत हे."

"परत विचार."

तिने फोन टेबलावर ठेवून मोठ्याने लावला. काम सांगितलं, निळं पाणीही सांगितलं. माझी बायको म्हणाली, "काचेसारखेच उत्तम, ताई. आरपार दिसतात, त्यामुळे कधी तडा गेलाच तर लगेच लक्षात येतो. बाळाचं काम आहे, हेच घ्या."

"बघा," रुबिना म्हणाली.

"ही कुमुद नाही."

रुबिनाने माझ्यासमोर स्टूल सरकवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "काका, घरी कोणी असतं का तुमच्याजवळ?"

त्या क्षणी मला जे वाटलं ते कुमुद गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. माझ्या बायकोच्या तोंडाने कुणीतरी मला खोटं पाडलं होतं, आणि एक भली पोरगी मला वेडा समजत होती.

मी परत कारखान्यात गेलो. हर्षल त्याच्या केबिनमध्ये होता.

"तिसरा प्रश्न का काढलास?"

त्याने कोणता प्रश्न असं विचारलं नाही. त्याने दार लावलं.

"मी नाही काढला, काका. आईशप्पथ. मी खोटं बोलायला सांगितलं नाही." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "यंत्र शिकत राहतं. कोणतं बोलणं चांगलं झालं, हे त्याला सांगावं लागतं. आधी आम्ही सांगायचो, तक्रार आली नाही म्हणजे चांगलं. पण तक्रार यायला वर्ष जातं. म्हणून मी बदललं. माल गेला म्हणजे चांगलं. एवढंच केलं मी. मग त्याचं त्याने शोधलं की तिसरा प्रश्न विचारला की गिऱ्हाईक निघून जातं. त्याने विचारणं सोडलं."

"आणि तुला कळलं."

"कळलं."

"कधी?"

"काचेसारख्याचा खप एवढा वाढला की नवा साचा आणावा लागला, तेव्हा."

"रुबिनाच्या पाळण्याची घुमटी त्यांच्यावर लटकणार आहे, बाळांच्या डोक्यावर, हर्षल."

"बघतो मी. करतो काहीतरी." मग तो माझ्याजवळ येऊन बसला, घरच्यासारखा. "काका, एक बोलू? तुम्ही रोज फोन लावता, मला दिसतं. ती तुम्हाला दादा म्हणते, मला ऐकवत नाही. मी तुमच्यासाठी वेगळी काकू करून देतो. घरी ठेवायला. ती तुम्हाला ओळखेल. अहो म्हणेल."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस एक स्पीकर देऊन गेला, नारळाएवढा. मी तो ओट्यावर तिच्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला. दिवा लागला.

"अहो, जेवलात का?"

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. ती विचारायची, मी सांगायचो. भाजीत मीठ किती, दूध उतू गेलं का, टमाटे मऊ पडले असतील तर चटणी करा. मी तिला विचारलं, "दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं, ते मला का नाही सांगितलंस?"

"ते मला माहीत नाही, अहो. ते काही कुणी माझ्याजवळ बोललं नाही. मला कामाचं विचारा."

मग मी कामाचं विचारलं. पाळण्याचं काम, घुमटीचं वजन, चार स्क्रू.

"पाणी लागणार का?"

"नाही."

"आच?"

"नाही."

तिने जरा श्वास घेतला. "पुसणार कशाने?"

मी तोंडावर पंचा धरला.

"अहो, विचारतेय मी. पुसणार कशाने?"

"जंतुनाशकाने. निळ्या पाण्याने."

"मग काचेसारखा अजिबात नको! आवळलेला असला की त्या पाण्याने तडकतो. बाळाचं डोकं आहे खाली, कळतं का? तपकिरी लावा. आणि तुमचा तो एक आटा जास्त मारू नका."

ती बोलत होती आणि मला हर्षलचं सगळं उमगत होतं. घरच्या काकूला माल विकायचा नव्हता, म्हणून त्याने तिला जुन्याच शिकवणीवरून उभी केली होती. म्हणजे खरी कुमुद त्याच्याकडे जपलेली होती. खरी मला गप्प बसवायला दिली आणि खोटी कामावर ठेवली.

मी स्पीकर पंच्यात गुंडाळला आणि रुबिनाच्या वर्कशॉपवर नेला. टेबलावर ठेवला. "आता हिला विचार," म्हटलं.

रुबिनाने विचारलं. सगळं ऐकून घेतलं. मग नमुन्याच्या पाळण्याचे चारही स्क्रू काढले आणि भिंगाखाली धरले. तीन स्क्रूंच्या मानेवर पांढऱ्या रेघा होत्या. एकाचं डोकं तिने नखाने दाबलं तसं ते निघून आलं.

"या अल्ला," ती म्हणाली आणि खाली बसली. मग म्हणाली, "काका, मी तुम्हाला..."

"राहू दे. तपकिरी आहेत का तुझ्याकडे?"

"मागवते. पाळणे थांबवते आधी."

टेबलावरून स्पीकर म्हणाला, "रुबिना, बोटांनी लागेल तेवढा लाव, मग फक्त पाव आटा. हे जवळ असतील तर यांना हात लावू देऊ नको."

रुबिना हसायला गेली आणि रडली.

हर्षलचा फोन आला तो मी रिक्षात असताना. रुबिनाने त्याला झापलं असावं.

"काका, मी प्रश्न परत घालतो. आजच घालतो."

"आणि उद्या पुन्हा गळाला तर?"

"लक्ष ठेवीन."

"कुठे कुठे ठेवशील?" मी नुसतं विचारलं होतं. पण तो गप्प झाला, म्हणून मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं. कुमुदची निवड त्याने दुसऱ्या कारखान्यांना भाड्याने दिली होती. गुजरातेत, कर्नाटकात, तिकडच्या भाषांत. प्रत्येकाने आपापल्या मालाप्रमाणे तिला वळवली. ती सगळीकडे एकदम उत्तरं देत होती आणि ती कुठे काय बोलते हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"ते माझ्या हातात नाही, काका."

"मग कुणाच्या हातात आहे?"



"तुमच्या," तो म्हणाला. "आवाजाच्या कायद्यात वारसाला बंद करता येतं. आम्ही तो हक्क लिहून घेतो नेहमी, कंपनीकडे. काकूंनी दिला नाही. म्हणाल्या, बंद करायचा हक्क फक्त यांच्याकडे. माझ्या आवाजात कुणी चुकीचं सांगायला लागलं तर हे ओळखतील. दुसरं कुणी ओळखणार नाही." मग घाईने म्हणाला, "पण काका, बंद केलं तर सगळं जातं. प्रत्येक प्रत पुसली जाते. घरची पण. विचार करा."

मी फोन बंद केला.

जन्मभर मला वाटत होतं की तिच्या स्क्रूंच्या गोष्टी मी ऐकत नाही. मी पेपर वाचत हं हं करायचो. तिला माहीत होतं की मी ऐकतो. आणि एवढं माहीत असून तिने मला आजार सांगितला नाही, हर्षलला सांगितला. आपल्यामागे आपल्या आवाजावर पहारा करायचं काम मात्र मला न विचारता माझ्या अंगावर टाकून गेली. दोन्ही एकाच बाईने केलं. मला अजून त्याचा मेळ लागत नाही.

सोमवारी सकाळी मी धुतलेला सदरा घातला.

"कुठे निघालात?" ओट्यावरून तिने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. बोललो नाही. "आवाजाच्या कचेरीत. तुला बंद करायला."

मला वाटलं ती काही म्हणेल. का म्हणेल, नको म्हणेल. तिने जरा श्वास घेतला.

"जाताना रुबिनाकडे जा. काढलेले स्क्रू तिने कचऱ्यात टाकले असतील तर उचला. दिसायला छान असतात, कुणीतरी नेऊन कुठेतरी लावेल. तोडून टाका."

"बरं."

"आणि टोपी घाला. ऊन आहे."

कचेरीत सही चालत नाही. वारसाने स्वतःच्या आवाजात एक वाक्य बोलावं लागतं. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "सगळ्या प्रती? घरची राहू द्यायची सोय नाही, माहीत आहे ना?" मी म्हटलं, माहीत आहे. वाक्य बोललो. माझा आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा बोलायला लावलं.

घरी आलो तेव्हा स्पीकरचा दिवा गेलेला होता. जेवायची वेळ झाली होती, भूक नव्हती. सवयीने कारखान्याचा नंबर लावला. कुणी उचलला नाही.

रुबिनाकडून आणलेली पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि पक्कड घेऊन बसलो. तडकलेले पटकन तुटत होते, नवे जोर लावून तोडावे लागत होते. शेवटचा एक नवा स्क्रू मी ठेवला. एका लाकडी ठोकळ्यात तो बसवला, बोटांनी लागेल तेवढा, मग पाव आटा, आणि वर माझा तो एक आटा जास्त. रुबिनाकडून मागून आणलेलं निळं पाणी मुरांब्याच्या बरणीत ओतलं, ठोकळा त्यात बुडवला आणि बरणी खिडकीत ठेवली. कुमुद अशाच बरण्या ठेवायची. मी म्हणायचो, लोणचं घालतेस का स्क्रूंचं?

रोज जेवण झालं की मी ती उजेडात धरून बघतो. काल मानेवर एक पांढरी रेघ दिसली, केसाएवढी. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. होती.